कळा सोसायच्या की मणक्यातलं इंजेक्शन घ्यायचं? (नाशिक, पहिली खेप)

इंदिरानगरची_लेक

३५ आठवडे झालेत. पहिली खेप, बाळाचं डोकं खाली, बीपी आणि साखर ठीक. नाव कुठे घालायचं ते अजून ठरत नाही. गंगापूर रोडच्या एका रुग्णालयात 'पेनलेस डिलिव्हरी'ची पाटी आहे, पण भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात. नाशिकरोडच्या दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, त्याची गरजच पडत नाही, कळांसाठी आम्ही कमरेत इंजेक्शनं देतो. घरात दोन तट आहेत. सासूबाईंच्या मते मणक्यात सुई गेली की कंबर जन्माची गेली. नणंदेच्या मते आजच्या काळात कळा सोसणं म्हणजे हट्ट.

मला वाद नको, माहिती हवी. मणक्यातल्या इंजेक्शनाने सिझरची शक्यता वाढते का? पिशवीचं तोंड ४ सेंमी उघडेपर्यंत ते देत नाहीत, हे खरं का? आणि काहीच न घेता निभवायचं ठरवलं तर नेमकं काय करायचं? 'श्वास घ्या' एवढंच सगळे सांगतात.

भूलशास्त्री

आधी शब्दांचा घोळ. योनिमार्गे झालं ते नॉर्मल. मणक्यातलं इंजेक्शन घेऊन झालं तरी ते नॉर्मलच. 'पेनलेस' ही पाटीवरची भाषा आहे. नीट बसलेल्या एपिड्यूरलमध्ये (म्हणजे याच मणक्यातल्या इंजेक्शनात) कळ आलेली कळते, पोट घट्ट होतं, खाली दाब जाणवतो. जाते ती फक्त धार. तो दाब राहिलेलाच बरा, कारण जोर कुठे लावायचा ते त्यावरूनच समजतं.

आता कृती. हाताला सलाइन, बीपीचा पट्टा, बाळाच्या ठोक्यांचा पट्टा. तुम्हाला बसवून किंवा कुशीवर घेऊन पाठ मांजरीसारखी बाकदार करायला सांगतात. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली जागा बोटांनी शोधायची, कातडी लिग्नोकेनने बधिर करायची, मग १८ किंवा १६ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) टूही सुई, टोकाशी वळलेली. सलाइन भरलेली सिरिंज दाबत दाबत सुई पुढे जाते. अडकलेली सिरिंज एकदम मोकळी झाली की औषध सोडायची जागा सापडली. बहुतेक बायकांत ही जागा कातडीपासून ४ ते ६ सेंमी खोल असते. सुईतून बारीक प्लास्टिकची नळी आत सोडायची, ४–५ सेंमी आत ठेवायची आणि सुई काढून घ्यायची. पाठीत सुई राहते हा सार्वत्रिक गैरसमज आहे, राहते ती नळी. हे चालू असताना कळ आली तर हलू नका, 'कळ आली' असं सांगा. आम्ही थांबतो.

पहिले ३ मिली चाचणीचे. 'कानात गुणगुणतंय का, तोंडाला धातूची चव येतेय का, पाय एकदम जड झाले का' असं विचारतील. खरं ते सांगा. नळी रक्तवाहिनीत किंवा पाण्याच्या पिशवीत तर गेली नाही ना, ते यावरून कळतं. (ही मणक्यातली पाण्याची पिशवी, बाळाची नव्हे.) मग ०.१ टक्के बुपिवाकेन (बधिर करणारं औषध), दर मिलीला २ मायक्रोग्रॅम फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक), असे १०–१५ मिली, थोडे थोडे करून. १५–२० मिनिटांत फरक पडतो. पुढे पंपाने तासाला ८–१० मिली. सिझरच्या मणक्यातल्या इंजेक्शनात हेच बुपिवाकेन ०.५ टक्के असतं, म्हणून त्यात पाय लुळे पडतात. इथे पाय हलले पाहिजेत. हलत नसतील तर डोस जास्त होतोय.

बिघडतं काय? बीपी उतरतं, म्हणून पहिली १५–२० मिनिटं दर ५ मिनिटांनी मोजायचं; उतरलंच तर डावी कूस, सलाइन आणि शिरेतून औषध. फेंटानिलने अंगाला खाज सुटते. लघवीची भावना बोथट होते. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं, म्हणून दर ३–४ तासांनी रिकामं करायचं, लागल्यास नळीने. काहींना ताप चढतो आणि मग जंतुसंसर्ग आहे का याची शोधाशोध सुरू होते. नेहमी ऐकू येणारी एक तक्रार मात्र वेगळीच: एक बाजू बधिर, दुसरी चालूच. तेव्हा नळी सेंमीभर मागे ओढून दुखऱ्या कुशीवर झोपवून पुन्हा डोस द्यायचा. ३० मिनिटांत आराम नाही तर भूलतज्ज्ञाला परत बोलावणं हा तुमचा हक्क आहे. तरीही जमलं नाही तर नळी नव्याने घालतात.

कधी सुई एक पडदा जास्त ओलांडते आणि मणक्यातल्या त्या पाण्याच्या पिशवीला छिद्र पडतं. हे साधारण शंभरात एकीला होतं. मग एक-दोन दिवसांत डोकं दुखायला लागतं: बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. पाणी, कॉफी, गोळ्यांनी भागलं नाही तर तुमचंच १५–२० मिली रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवतात.

सासूबाईंच्या कंबरदुखीचं उत्तर: सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखरेपणा असतो. महिनोन्‌महिन्यांची कंबरदुखी इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच आढळते. तिचं मूळ गरोदरपणातल्या सैल सांध्यांत आणि वाकून अंगावर पाजण्यात असतं.

सिझर वाढत नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो आणि जुन्या, जड डोसमध्ये बाळ ओढून काढायला चिमटा-व्हॅक्यूम जास्त लागायचा. ब्रिटनमधल्या कॉमेट अभ्यासाने २००१ मध्येच दाखवलं की हलका डोस दिला तर विनाचिमटा बाळंतपणं वाढतात. आणि ४ सेंमीची अट जुनी. खऱ्या कळा सुरू झाल्या आणि बाईने मागितलं की देता येतं. 'उशीर झाला' मात्र खरंच होतं. तोंड पूर्ण उघडून डोकं खाली आलं असेल तर २० मिनिटं स्थिर बसणंच जमत नाही.

म्हणून पाटीला भुलू नका. रात्री २ वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतो? नळी घातल्यावर तो थांबतो की निघून जातो? पंप आहे की सिरिंजने हाताने डोस देतात? पुढचा डोस कोण देणार? भूलतज्ज्ञ डोस देऊन निघून जात असेल आणि मागे प्रशिक्षित माणूस नसेल, तर तिथे न घेतलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत.

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी

वरचं सगळं मान्य. एक भर: सुई घेतली म्हणून उताणं पडून राहायचं नाही. दर अर्ध्या तासाने कूस बदला, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा. उताणं झोपलं की गर्भाशयाच्या भाराखाली मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि बाळाचे ठोके उतरतात. बधिर भागावर गरम पिशवी कधीच नको. चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

आता तिसरा प्रश्न. पहिली गोष्ट सोबतीण. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीणीला परवानगी दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गाचा आजार नसलेली बाई असावी. आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही चालतं. नाव घालतानाच विचारा. आणि माणूस नीट निवडा. 'आमच्या वेळी तर…' सुरू करणारी मावशी बाहेरच्या बाकावर बरी.

सोबतीणीचं मुख्य काम पाठीवरचा दाब. माकडहाडाच्या वर कमरेखाली जे त्रिकोणी हाड आहे त्यावर तळहाताची टाच ठेवायची, कोपर ताठ, आणि अंगाचा भार टाकायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असेल तर सगळ्या कळा पाठीत येतात, तेव्हा याच्यासारखा उपाय नाही. त्याच वेळी आईने गुडघे-हातांवर यायचं किंवा पलंगावर कोपर टेकून पुढे झुकायचं, म्हणजे बाळाचा भार मणक्यावरून उतरतो.

श्वासाचं: नाकाने ४ मोजेपर्यंत आत, तोंडाने ६ मोजेपर्यंत बाहेर, खांदे सैल, जबडा सैल. भराभरा श्वास घेतला की बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. मग लांब उच्छ्वासावर या. दोन कळांच्या मध्ये काहीच करायचं नाही. झोप लागली तर लागू द्या. जोर मात्र तोंड पूर्ण उघडल्याशिवाय लावायचा नाही, आधी लावला तर पिशवीच्या तोंडाला सूज येते.

चालणं, कठड्याला धरून डुलणं, कोमट पाण्याने आंघोळ (पाणी अंगाच्या उष्णतेइतकंच, कढत नको). मोठा चेंडू घेणार असाल तर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली यायला हवेत आणि खाली घसरणार नाही अशी चटई हवी.

आजपासून करण्यासारखं म्हणजे खालच्या भागाचं मालिश. स्वच्छ हात, खोबरेल तेल, अंगठा ३–४ सेंमी आत, खाली आणि दोन्ही बाजूंना हळू ताण, ५ मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा. पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता कमी होते. पाणी जात असेल, संसर्ग असेल किंवा वार खाली असेल तर नाही. तूप पिऊन वाट निसरडी होत नाही, ते पोटात जातं. एरंडेल तर अजिबात नको. जुलाब, उलट्या आणि अंगातलं पाणी कमी झालेली बाई कळांना कशी पुरणार?

पार्टोग्राफ

'कमरेत इंजेक्शनं देतो' याबद्दल कोणी बोललं नाही. त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी देतात. ड्रोटाव्हेरिन, हायोसिन ही पिशवीचं तोंड सैल करणारी औषधं. त्याने वेळ थोडा वाचतो, दुखणं थांबत नाही. 'कळा कमी करतो' म्हणून हेच देत असतील तर ते दिशाभूल करणारं आहे. दुसरी खरी वेदनाशामकं: ट्रमाडोल, पेथिडीन, किंवा पेंटाझोसिनसोबत प्रोमेथाझिन. यांनी गुंगी येते, मळमळतं, धार थोडीशीच बोथट होते. डोस दिल्यावर २–४ तासांत बाळ झालं तर ते सुस्त असू शकतं, श्वासाला मदत लागू शकते, दूध ओढायला वेळ लागतो. म्हणून कोणतं औषध, किती वाजता, हे कागदावर लिहिलेलं असावं आणि बाळाचे डॉक्टर जवळ असावेत.

मधला मार्ग म्हणजे एन्टोनॉक्स, मास्कमधून ओढायचा वायू: निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन. असेल तिथे जरूर विचारा. मास्क आईनेच धरायचा, म्हणजे गुंगी आली की हात आपोआप खाली येतो. असर व्हायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात. कळ शिगेला गेल्यावर घेतला तर आराम नेमका दोन कळांच्या मधे मिळतो आणि 'काही उपयोग नाही' असा शेरा पडतो.

भूलशास्त्री

एन्टोनॉक्सचा सिलिंडर शून्याखाली ६–७ अंशांत ठेवला तर आतले वायू वेगळे होतात. आपल्याकडे निफाडच्या थंडीतही ती वेळ येत नाही, निर्धास्त राहा.

इंदिरानगरची_लेक

खूप आभार. दोन शंका उरल्या. शेवटच्या तपासणीत प्लेटलेट ९२ हजार आल्या आणि रोज ७५ ची ॲस्पिरिन चालू आहे. मग मणक्यातलं इंजेक्शन मिळेल का? आणि माहेर सिन्नरला आहे. तिथे राहिले तर कधी निघायचं?

भूलशास्त्री

९२ हजारांवर बहुतेक जण देतील. ७० हजारांच्या वर, रक्तस्रावाची लक्षणं नसतील आणि आकडा स्थिर असेल तर जोखीम कमी मानतात. पण आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. महिन्यापूर्वी दीड लाख असतील आणि आता ९२ हजार, तर कारण शोधायला हवं, विशेषतः बीपी चढत असेल तर. या आठवड्यात पुन्हा तपासा आणि दाखल होताना ताजा रिपोर्ट मागा. यंत्र कधी गुठळ्यांमुळे कमी मोजतं, म्हणून काचपट्टीवर हाताने मोजायला सांगा. नुसती ॲस्पिरिन आड येत नाही. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदही करू नका. पोटावर घ्यायचं हेपारिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) कोणी सुरू केलं तर मात्र रोजच्या प्रतिबंधक डोसनंतर १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर २४ तास थांबावं लागतं.

कळा सुरू होण्याआधीच, ३६व्या आठवड्यात भूलतज्ज्ञाला एकदा भेटून या. पाठ, रिपोर्ट, ॲलर्जी सगळं तेव्हाच बघून होतं. मणक्यातलं नाहीच जमलं तर वर सांगितलेलं बाकीचं आहेच.

प्रसूतिकक्ष_रात्रपाळी

दर ५ मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभर, असं तासभर चाललं की निघा, हा शहरातला नियम. सिन्नर नाशिकपासून ३० किलोमीटरच्या आसपास, वर महामार्ग आणि द्वारकेची गर्दी. तिथून दर ७–८ मिनिटांना आल्या की गाडी काढा. पाणी गेलं, पाणी हिरवट दिसलं, लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे आले तर कळांची वाट न बघता लगेच. गाडी नसेल तर १०८.

पार्टोग्राफ

निघताना पोटभर जेवू नका आणि उपाशीही येऊ नका. पेज, सरबत, दोन बिस्किटं चालतात. काही ठिकाणी दाखल झाल्यापासून तोंडाला पाणी लावू देत नाहीत. धोका नसलेल्या बाईला जागतिक आरोग्य संघटना पातळ पदार्थ आणि खाणं घेऊ द्या म्हणते, पण एपिड्यूरल घेतल्यावर साधं पाणी आणि गाळलेलं सरबत इतकंच ठेवा. ऐनवेळी सिझरची वेळ आली तर त्याच नळीतून १५–२० मिली जास्त ताकदीचं औषध देऊन १०–१५ मिनिटांत पोट बधिर करता येतं. पूर्ण भूल टळते आणि भरल्या पोटातलं अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीतीही बरीच कमी होते.