दोन तास रिप्लाय नाही, म्हणून मुलगा 'अव्हॉइडंट'?

मुक्ता_पार्ले:
माझ्या मावसबहिणीला (वय २३) तिच्या मैत्रिणींनी तिच्या मित्राबद्दल एका रीलवरून निकाल ऐकवला: "तो अव्हॉइडंट (जवळीक टाळणारा) आहे, सोड त्याला." का, तर मुलगा संध्याकाळी मेसेजला उत्तर देत नाही. मुलगा कामाला अंधेरीला, राहायला बदलापूरला. दादरला गाडी बदलायची, पुढे कल्याण येईपर्यंत खिशातल्या फोनपर्यंत हातही पोचत नाही. घर वन रूम किचन. आई हातभर अंतरावर पोळ्या लाटतेय, शेजारी भाऊ अभ्यासाला बसलाय. तिथे तो गोड बोलणार तरी काय? जिन्यात जाऊन बोलायला लागला की वरच्या काकू खाली उतरतात आणि हा एकदम गप्प. फोनवर तिला तेवढी शांतताच ऐकू येते.

हा शब्द आला मानसशास्त्रातल्या 'अटॅचमेंट'च्या, म्हणजे जिव्हाळ्याच्या बंधाच्या, विचारातून. मुळात जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांचं काम होतं लहान मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्यावर. हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ च्या लेखात तो विचार प्रेमसंबंधांना लावला. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी जवळच्या नात्यात माणसाला कसं वाटतं याची तीन वर्णनं (सुरक्षित, अव्हॉइडंट, धास्तावलेलं) छापली आणि वाचकांना आपल्याशी जुळणारं निवडायला सांगितलं. वाचकांनी स्वतःबद्दल सांगितलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणांनी 'सुरक्षित' वर्णन निवडलं. आपण मात्र समोरच्यावर शिक्का मारतो, तोही ब्लू टिक बघून. या शहरात जवळीक दाखवायला जागाच नाही, हे आधी मोजा.

रेवा२७:
मुक्ता, मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या आधीच्या मित्राकडे स्वतंत्र खोली होती, ऑफिस घराजवळ होतं. तरी तो चार-चार दिवस गायब व्हायचा आणि मग रात्री एक वाजता "तुझी खूप आठवण येतेय". मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतली कबुतरं आठव. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की ती चोच मारणं सोडतच नाहीत. माझं तेच झालं होतं. रोज बोलणाऱ्या माणसापेक्षा पाचव्या दिवशी आलेल्या त्या एका ओळीने मला जास्त बांधून ठेवलं. 'अव्हॉइडंट' हा शब्द भेटला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की दोष माझ्यात नाही. तुझ्यासारखं कोणी "गर्दी असेल गं" म्हणालं असतं, तर मी अजून तिथेच असते.

शिवाजीपार्क_कट्टा:
आमच्या वेळी फोनच नव्हते, कट्ट्यावर भेटायचं ठरलं की भेटायचं. एवढा विचार कोणी करत नव्हतं.

रेवा२७:
काका, विचार करत असतीलच, बोलत नसतील. आणि ओळखीचं कोणी बघेल ही धास्ती तेव्हाही मुलींनाच जास्त असणार.

समुपदेशक_ठाणे:
मी तरुण मुलामुलींबरोबर काम करते. रेवाचा त्रास खरा आहे, पण त्या शब्दाने तिला बाहेर पडायला बळ दिलं म्हणून निदान बरोबर ठरत नाही. 'अव्हॉइडंट' हा काही रक्तगट नव्हे, की कायम तोच राहील. एकच माणूस एका नात्यात धास्तावलेला आणि दुसऱ्यात निवांत असू शकतो, भरवशाची सोबत मिळाली की बदलतोही. मुक्ता, तुमचंही अर्धंच पटतं. गर्दीतल्या दोन तासांवरून काही कळत नाही हे खरं. बदलापूरला उतरल्यावर तो काय करतो, ते बघा. "पोचलो, जेवून बोलतो" एवढं टाकायला खोली लागत नाही. आणि जिन्यात का गप्प होतो, हे त्याने तिला कधी सांगितलंय का?

मुक्ता_पार्ले:
नाही सांगितलेलं. घरात जागा नाही हे सांगायची त्याला लाज वाटते, तिचं घर मोठं आहे. म्हणूनच म्हणते, शिक्का मारायच्या आधी तिने विचारावं.

रेवा२७:
विचारावं, जरूर. पण त्यानेही सांगावं ना. दर वेळी समजून घ्यायचं काम मुलीकडेच का?

समुपदेशक_ठाणे:
रेवा, हे अगदी मान्य. कोणाला रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.