पाइप गॅसचं बिल एकदम अडीचपट! मीटर तपासून कसं घ्यायचं?

खडकवासला_फाटा (धागाकर्ती)
पुण्यात सिंहगड रोडला सासू-सासरे दोघंच राहतात. दोन महिन्यांचं बिल साधारण 14 ते 16 युनिटांचं (एक युनिट म्हणजे एक घनमीटर) यायचं. मध्यंतरी कंपनीने मीटर बदललं आणि आता आलेल्या बिलात 40 युनिट! घरात फक्त दोन बर्नरची शेगडी आहे. गॅस गिझर नाही, आंघोळीचं पाणी सोलरवर तापतं. मीटर बरोबर चालतंय का हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि तपासणी मागायची तर कुणाकडे? सासरे 78 वर्षांचे आहेत, त्यांना ऑफिसच्या खेपा जमणार नाहीत. मी ठाण्यात असते. सगळा खर्च 500 रुपयांच्या आत बसला पाहिजे.

जुनापेठी
कनेक्शन परत करा आणि सिलिंडर घ्या. आम्ही अजून सिलिंडरवरच आहोत. 14.2 किलो म्हणजे 14.2 किलो, वजन करून घेता येतं. पाइपातून काय येतं ते कोण बघायला गेलंय?

डोंबिवलीकर
गॅस गिझर असणार. आमच्याकडेही असंच झालं होतं. सहा लिटरवाला गिझर तासाला एक घनमीटरच्या आसपास गॅस खातो. मी तो काढून इन्स्टंट इलेक्ट्रिक बसवला, सात हजारांत काम झालं. मॉडेल हवं असेल तर सांगतो.

खडकवासला_फाटा
गिझर नाही हो दादा, वर लिहिलंय.

मापनवाला
इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मीटरवर जी1.6 लिहिलंय का ते आधी बघा, घरगुती जोडणीला बहुतेक तेच असतं. आत पडद्याचे कप्पे असतात. एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो आणि त्या हालचालीवर आकडे फिरतात. तासाला 0.016 ते 2.5 घनमीटर ही त्याची कक्षा. नवं मीटर अचूकतेच्या 1.5 वर्गाचं असेल तर नेहमीच्या प्रवाहाला दीड टक्का आणि अगदी मंद प्रवाहाला तीन टक्के इतकी चूक मान्य असते. वापरातल्या मीटरला साधारण याच्या दुप्पट सूट धरतात. म्हणजे 16 चे 17 झाले तर मीटरवर शंका घ्या. 16 चे 40 झाले तर आधी दुसरीकडे शोधा.

घरी करायची चाचणी: रात्री शेगडीचे सगळे कॉक बंद करा, मुख्य कॉक मात्र चालू ठेवा. लाल आकड्यांसकट (दशांशानंतरचे) मीटरचा फोटो काढा. सकाळी परत काढा. लाल आकडा हलला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघा, काडी पेटवून कदापि नाही. वास येत असेल तर चाचणी वगैरे सोडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा आणि कंपनीच्या आपत्कालीन नंबरला फोन करा.

आकडा हलला नाही तर मोठा बर्नर पूर्ण आचेवर अर्धा तास चालवा. 0.10 ते 0.13 घनमीटरच्या मध्ये काही आलं तर मीटर ठीक आहे.

बडोदेकर
आमच्या बडोद्यात 1972 पासून पाइप गॅस आहे. महापालिकेने आणला, तेव्हा पुण्यात त्याची चर्चाही नव्हती. आमच्या घरातलं मीटर कित्येक वर्षं तेच होतं. नवं बसवल्यावर बिल वाढलं, कारण जुनं हळू झालेलं होतं. तुमचंही तेच असणार. नवं मीटर खरं बोलतंय, बिल भरून टाका.

जुनापेठी
नवं मीटर खरं बोलतं म्हणे! विजेचे स्मार्ट मीटर बसवले तेव्हाही हेच सांगत होते.

कल्याण_पश्चिम
स्मार्ट मीटरचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीत चार महिने भांडण चाललंय...

मापनवाला
विजेसाठी वेगळा धागा काढा, कृपया. ताईंचा प्रश्न गॅसचा आहे. बडोदेकर, जुनं मीटर हळू होतं तसं फास्टही होऊ शकतं. पण अडीचपट फरक पडण्याइतकं हळू झालेलं मी पाहिलेलं नाही.

लेस्टरची_सून
इथे इंग्लंडमध्ये बिलावर गणित छापलेलं असतं. मीटरचे घनमीटर गुणिले 1.02264, मग गॅसचं उष्मांक मूल्य, मग 3.6 ने भागून युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. वाद झालाच तर सरकारने नेमलेला स्वतंत्र मीटर परीक्षक मीटर तपासतो आणि त्याचा निकाल दोघांनाही मानावा लागतो. तुमच्या बिलावर असा गुणक आहे का?

मापनवाला
फार चांगला मुद्दा काढलात. मीटर फक्त आकारमान मोजतं. प्रमाणित घनमीटर म्हणजे 15 अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब. इंग्लंडात हवा गार आणि गॅसचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त, म्हणून तिथे गुणक एकाच्या वर. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळा कडक. शेगडीला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा फक्त 21 मिलिबार जास्त दाबाने येतो. पुण्यातला एक घनमीटर गॅस प्रमाणित मापात आठ-नऊ टक्के कमी भरतो. म्हणून बिलावर दुरुस्तीचा गुणक छापलेला आहे का, हे प्रत्येक पुणेकराने बघावं. नसेल तर कंपनीला लेखी विचारावं. या प्रश्नाचं उत्तर मिळायलाच हवं, कारण हे टक्के दर बिलात आहेत.

जुनापेठी
बघा, मी म्हणालो नव्हतो? सिलिंडरला उंची लागत नाही.

मापनवाला
सिलिंडरशी तुलना करायचीच तर एक 14.2 किलोचा सिलिंडर म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने साधारण 18 घनमीटर गॅस. ताईंच्या घरी तो दोनेक महिने पुरला असता. म्हणून 16 युनिट बरोबर वाटतात आणि 40 नाही.

ग्राहकमित्र_नाशिक
फोनवर भांडू नका, सगळं लेखी करा. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. शहरातल्या गॅस कंपन्यांवर पीएनजीआरबी, म्हणजे 2006 च्या कायद्याने आलेलं नियामक मंडळ, लक्ष ठेवतं. त्यांच्याकडेही तक्रार करता येते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही आणि तक्रार ऑनलाइन भरता येते, म्हणजे सासऱ्यांना हलावं लागणार नाही.

मीटर तपासणीला नेणार असतील तर घरच्या माणसासमोर सील लावायला सांगा. सीलचा नंबर आणि त्या क्षणाचं रीडिंग कागदावर घ्या, खाली दोघांच्या सह्या. सीलशिवाय गेलेल्या मीटरचा अहवाल घेऊन पुढे भांडता येत नाही. अजून एक: केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2025 च्या सुरुवातीला गॅस मीटरची पडताळणी आणि मुद्रांकन वैध मापन नियमांत आणण्याचा मसुदा पुढे केला. तराजूला जसा शिक्का लागतो तसा गॅस मीटरलाही लागला पाहिजे, ही आमची जुनी मागणी आहे.

बाणेर_बालेवाडी
शेजाऱ्याचं मीटर तुमच्या नावावर नाही ना? आमच्या डक्टमध्ये 302 आणि 303 ची अदलाबदल झाली होती. बिलावरचा मीटर नंबर जुळवा. शिवाय तुमचा मुख्य कॉक बंद केल्यावर तुमचीच शेगडी विझते का तेही बघा. आणि मुख्य म्हणजे गळती तपासा, साबणाचं पाणी लावून.

डोंबिवलीकर
+1, साबणाचं पाणी. भांडी घासायचं लिक्विड जास्त चांगलं फेसाळतं.

मीनाकाकू
अगं, मीटर बदललं तेव्हा कागद दिला असेल ना? जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग त्यावर असतं. माझ्या बहिणीकडे सगळा घोळ तिथेच होता. आणि आधीच्या बिलांवर "अंदाजे" असं काही लिहिलंय का ते बघ.

खडकवासला_फाटा
सगळ्यांचे आभार. शनिवारी पुण्यात गेले होते. रात्रभर लाल आकडा जागचा हलला नाही. मोठ्या बर्नरला अर्ध्या तासात 0.11. मीटर नंबर जुळतो, कॉक बंद केला की आपलीच शेगडी विझते.

मीनाकाकू, कागद देव्हाऱ्याखालच्या खणात सापडला! जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग 612. त्याच्या आधीच्या बिलात 580 धरलंय आणि शेजारी "अंदाजे" आहे. मागची तीनही बिलं अंदाजे, 8-8 युनिटांची. बिल कमी आलं म्हणून घरी कुणी बघितलंच नव्हतं. 612 वजा 580 म्हणजे 32, आणि नव्या मीटरचे 8. झाले 40.

मापनवाला
लागलं की गणित! तीन बिलांत प्रत्येकी 8 युनिट कमी लावले होते, ते 24 आता एकदम आले. उरलेले 16 तुमचे नेहमीचेच. मीटरचा काही दोष नाही, तपासणीवर पैसे घालू नका.

बडोदेकर
मी आधीच म्हणालो होतो, बिल भरून टाका.

ग्राहकमित्र_नाशिक
भरा, पण ते 24 युनिट ज्या महिन्यांचे आहेत त्या महिन्यांच्या दराने लावले आहेत की आजच्या, हे लेखी विचारा. रीडिंग घ्यायला माणूस पाठवला नाही ही कंपनीची चूक आहे. रक्कम हप्त्यांत मागा. तपासणीची गरज मलाही वाटत नाही. मीटर ठीक निघालं तर शुल्क तुमच्याच माथी.

खडकवासला_फाटा
दराचं आणि हप्त्यांचं पत्र आज मेलने पाठवलं. गुणकाचा प्रश्नही त्यातच घातलाय, कारण बिलावर तसं काहीच छापलेलं नाही. यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला सासूबाई मीटरचा फोटो मला पाठवणार आणि मी रीडिंग ॲपवर भरणार.

तपासणीचा अर्ज मात्र केलाय. तुम्ही सगळे नको म्हणताय ते कळतंय, आणि शुल्क धरून खर्च माझ्या 500 च्या वर जातोय. पण बिल आल्यापासून सासरे दुपारचा चहा करू देत नाहीत आणि डाळ शिजायच्या आत गॅस बंद करतात. अंदाजे बिलांचं गणित मी कागदावर मांडून दाखवलं, तरी मीटरवरचा त्यांचा विश्वास बसत नाही. शिक्का मारलेला अहवाल हातात आला की बसेल, असं ते स्वतःच म्हणाले. सील लावताना कागदावर काय काय लिहून घ्यायचं, ते मात्र नीट सांगा.

ग्राहकमित्र_नाशिक
मीटरचा नंबर, लाल आकड्यांसकट रीडिंग, सीलचा नंबर, तारीख-वेळ, नेणाऱ्याचं नाव आणि सही. बदली मीटर बसवतील, त्याचा नंबर आणि सुरुवातीचं रीडिंगही त्याच कागदावर घ्या. अहवालात कमी, मध्यम आणि पूर्ण प्रवाहाला किती टक्के चूक आली ते वेगवेगळं मागा. नुसतं "मीटर योग्य" असं लिहून दिलं तर घेऊ नका.

डोंबिवलीकर
आणि तो गिझर एकदा तपासून घ्या.