पुनर्मोजणीत झाड मागच्यापेक्षा बारीक भरले, तर नोंदवहीत काय लिहावे?

पायवाट:

नमस्कार. सार्वजनिक वनात वन तंत्रज्ञ म्हणून रुजू होऊन मला सात महिने झाले आहेत. सध्या आमच्या दोघांच्या चमूकडे कायमस्वरूपी प्लॉटांच्या पुनर्मोजणीचे काम आहे. प्रत्येक प्लॉट वर्तुळाकार असून त्याची त्रिज्या १२.६२ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर असते. त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला ठोकलेला असतो आणि दर पाच वर्षांनी छातीच्या उंचीवर त्याचा व्यास मोजला जातो. गेल्या आठवड्यात सुमारे ३० अंश उतारावरचा एक प्लॉट आम्ही मोजला. जुन्या नोंदीतली ४५ च्या ४५ झाडे सापडली. पण तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही, कारण आकडे ताडून पाहिले तेव्हा पाच झाडे मागच्यापेक्षा बारीक निघाली.

क्रमांक ५ मागच्या वेळी जिवंत होते आणि ४४.० सेंटिमीटर होते. आता ते वाळून उभे आहे आणि ४१.८ भरले. क्रमांक १७ हे ४१.२ वरून ४०.६ वर आले, तर क्रमांक २३ हे ३६.० वरून ३३.१ वर. क्रमांक ३१ च्या पुढे मागच्या चमूने ८८.९ लिहिले आहे आणि मला मिळाले २९.६. क्रमांक ४१ हे ३०.९ होते, ते २५.२ झाले. याखेरीज प्लॉटमध्ये ३८ सेंटिमीटर व्यासाचे एक झाड बिल्ल्याशिवाय उभे होते. ते केंद्राच्या वरच्या बाजूला, जमिनीवरून टेप अंथरली तर १३.९ मीटरवर आहे; उतारावरचे अंतर आडव्या अंतरात बदलल्यावर ते हद्दीच्या आत येते, म्हणून मी त्याला ४६ क्रमांक दिला.

वरिष्ठांचे म्हणणे असे की, ही पाचच झाडे पुन्हा मोजून यावीत आणि तरीही कमी भरली तर मागचाच आकडा कायम ठेवावा, कारण झाड काही आकसत नाही. मला ते पटत नाही, पण नेमके का पटत नाही हे सांगताही येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.


जुनाकंपास:

आपण आकडे क्रमांकानिशी दिलेत हे फार बरे झाले, कारण ही पाच झाडे म्हणजे पाच वेगवेगळी प्रकरणे आहेत आणि त्यांना एकच औषध लागू पडणार नाही.

क्रमांक ३१ सर्वांत सोपे आहे. ८८.९ ला ३.१४१६ ने भागा, २८.३ येते. मागच्या चमूतल्या कुणीतरी टेपची चुकीची बाजू वाचून व्यासाऐवजी घेर लिहिला आहे. एका बाजूला साधे सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला व्यासाचे आकडे छापलेल्या टेपवर हे प्रत्येकाच्या हातून एकदा तरी घडते, माझ्याही हातून घडले आहे. क्रमांक ४१ साठी शेजारचे झाड पाहावे. जवळपासचे एखादे झाड पाच वर्षांत अवाजवी जाड झालेले दिसले, तर त्या दोघांचे बिल्ले किंवा नोंदी अदलाबदल झाल्या आहेत असे समजावे. नोंद झाडाच्या जागेवरून, म्हणजे केंद्रापासूनची दिशा आणि अंतर यांवरून जुळवायची असते. बिल्ला ही केवळ सोय आहे.

क्रमांक ५ वाळलेले आहे, त्यामुळे त्याची साल सुटली असणार. सालीसकट मोजलेला ४४ आणि साल गळाल्यावर मोजलेला ४१.८ यांत विसंगती नाही, मात्र साल आहे की नाही हे शेऱ्यात लिहायलाच हवे.

क्रमांक २३ ची जवळजवळ तीन सेंटिमीटरची तूट टेपच्या चुकीने पडत नाही. तेथे मोजण्याची उंची बदललेली असणार. बहुतेक देशांत १.३० मीटर ही छातीची उंची मानतात, भारतात आणि अमेरिकेत १.३७ मीटर, पण हा सात सेंटिमीटरचा फरक किरकोळ आहे, कारण सरळ खोड मीटरभरात साधारण एखाद्या सेंटिमीटरने निमुळते होते. खरा घोटाळा होतो तो उतारावर. उंची नेहमी झाडाच्या चढाकडील बाजूने धरायची असते. बुंधा जमिनीशी ४५ सेंटिमीटर रुंद असेल आणि उतार ३० अंश असेल, तर चढाकडची आणि उताराकडची जमीन यांत सुमारे २६ सेंटिमीटरचा फरक पडतो. मागचा माणूस उताराकडे उभा राहिला असेल, तर त्याची टेप तुमच्यापेक्षा तेवढी खाली लागली आणि बुंध्याचा फुगवटा त्याच्या आकड्यात आला. पुन्हा जाल तेव्हा टेप लावण्याआधी हाताचा तळवा खोडावर वरून खाली फिरवून पाहा. डोळ्यांना न दिसणारा फुगवटा हाताला लागतो.

राहिले क्रमांक १७. टेप तिरकी लागली, तिच्याखाली वेल अडकली किंवा सालीचा सुटा पापुद्रा राहिला, तर आकडा वाढतोच, कधी कमी होत नाही. टेप दहा अंश तिरकी झाली, तर ४० सेंटिमीटरच्या झाडावर साधारण तीन मिलिमीटर जास्त भरतात. शिवाय कोरड्या दिवसांत खोड थोडेसे आकसते आणि पावसानंतर फुगते, त्यामुळे वरिष्ठांचे ते वाक्य शब्दशः खरे नाही. मात्र केवळ त्या आकसण्याने सहा मिलिमीटर जाणार नाहीत, बहुतेक दोन-तीन कारणे एकत्र आली असावीत. पुढच्या वेळी हा घोळ होऊ नये म्हणून मोजणीच्या उंचीवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी, असे मी सुचवेन.


आकडेमोड:

मी जंगलात फार कमी जातो. इतरांनी मोजून आणलेले आकडे तपासणे हे माझे काम आहे. म्हणून वरिष्ठांच्या सूचनेतली जी गोष्ट आपल्याला खटकते आहे, ती मला टेबलावरून कशी दिसते एवढेच सांगतो.

समजा, एखाद्या संथ वाढणाऱ्या जातीची झाडे पाच वर्षांत सरासरी पाच मिलिमीटरच वाढतात आणि प्रत्येक मोजणीत तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होणे साहजिक आहे. दोन मोजण्यांची वजाबाकी करताना दोन्हींच्या चुका एकत्र येऊन ती चार मिलिमीटरच्या थोडी वर जाते. अशा स्थितीत कुणीही काहीही गैर केलेले नसताना साधारण आठ-नऊ झाडांमागे एक झाड मागच्यापेक्षा बारीक भरणे अपेक्षित असते. जेवढी झाडे चुकून कमी भरतात, तेवढीच चुकून जास्तही भरतात. फरक इतकाच की जास्त भरलेले झाड 'छान वाढले' म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता फक्त बारीक भरलेलीच झाडे पुन्हा मोजली आणि त्यांचे आकडे वर उचलले, तर एका बाजूच्या चुका पुसल्या जातात आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच राहतात. प्रत्येक दुरुस्ती एकेकटी पाहिली तर प्रामाणिक दिसते, पण सगळ्या प्लॉटांची बेरीज केली की वन प्रत्यक्षात वाढते त्यापेक्षा अधिक वेगाने वाढताना दिसते. सार्वजनिक वनात हेच आकडे पुढे तोडीचे प्रमाण ठरवायला किंवा कार्बनचा हिशेब मांडायला वापरले जातात, तेव्हा ही फुगलेली वाढ फार दूरवर जाते. म्हणून पुन्हा मोजायचेच असेल तर सगळा प्लॉट मोजावा, आणि तेवढा वेळ नसेल तर त्या पाचांबरोबर इतर झाडांतली दहाएक चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि जुना आकडा समोर न ठेवता मोजावीत. जुना आकडा दिसत असला की डोळा आपोआप त्याच्या वरच्या रेघेवर जाऊन बसतो, याचा अनुभव मी तपासणीत अनेकदा घेतला आहे.

मागचा आकडा पुढे ओढणे तर मुळीच नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनगणनेत जिवंत झाडाच्या व्यासासाठी दर २० इंचांमागे ०.१ इंच एवढी चूक चालते असे ठरलेले आहे, म्हणजे चूक होणार हे तेथे आधीच गृहीत धरून तिला मर्यादा घातली आहे. न मोजलेला आकडा मोजला म्हणून लिहिणे कोणत्याच मर्यादेत बसत नाही.


उतारावरून:

क्रमांक ४६ बद्दल कुणी बोलले नाही, म्हणून लिहितो. जमिनीवरून १३.९ मीटर म्हणजे ३० अंश उतारावर आडवे अंतर १२.०४ मीटर, त्यामुळे ते झाड आतच आहे. या उतारावर सरळ चढाच्या दिशेने टेप १४.५७ मीटरपर्यंत न्यावी लागते. मागच्या चमूने बहुधा १२.६२ वरच थांबून वर्तुळ पूर्ण केले असावे. तसे सर्व बाजूंनी केले तर ५०० ऐवजी सुमारे ४३३ चौरस मीटरच मोजले जातात आणि हेक्टरी हिशेब मात्र ५०० धरून होतो. तेव्हा कडेची आणखी काही झाडे सुटली आहेत का, हे चढाकडे आणि उताराकडे दोन्हीकडे पाहावे. आडव्या दिशेला, म्हणजे समपातळीवर, हा प्रश्न येत नाही.

नोंद करताना त्याला 'नवीन झाड' हा संकेत देऊ नये. पाच वर्षांत एखादे रोप ३८ सेंटिमीटरचे होत नाही, आणि तसा संकेत दिला तर संगणक त्याचे सगळे लाकूड या पाच वर्षांच्या वाढीत धरील. 'मागील मोजणीत सुटलेले' असा वेगळा संकेत बहुतेक नोंदपत्रकांत असतो. नसेल तर शेऱ्यात स्पष्ट लिहावे.

जुनाकंपास यांच्या रंगाच्या रेघेबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. जेथे लोकांची ये-जा असते तेथे रंगवलेले झाड पाहून 'हे तोडणार का?' असे विचारणारे दिवसातून तीन जण भेटतात, हा भाग सोडून देऊ. खरी अडचण अशी की, प्लॉट दिसू लागला की त्याला वेगळी वागणूक मिळते; विरळणी करणारी माणसे रंगवलेली झाडे वगळून पुढे जातात आणि मग तो प्लॉट आजूबाजूच्या वनाचा नमुना उरत नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय वनगणनेत याच कारणासाठी केंद्राची लोखंडी खूण जमिनीत दडवलेली असते आणि पुढचा चमू ती धातुशोधकाने हुडकतो. रेघेऐवजी मोजणीची उंची सेंटिमीटरमध्ये प्रत्येक झाडापुढे लिहून ठेवावी.


जुनाकंपास:

हरकत मान्य आहे, पण अर्धीच. आमचे प्लॉट संशोधनासाठी राखलेले होते आणि तेथे विरळणी होत नसे, म्हणून रेघ चालून गेली. वापरातल्या वनात उंची लिहून ठेवणेच योग्य. मात्र ती प्रत्यक्ष काठीने मोजून लिहावी. आपल्या शर्टाच्या खिशाला १.३० धरणारे लोक मी पाहिले आहेत.


पायवाट:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड यांचा मुद्दा मी वरिष्ठांना वाचून दाखवला. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि सगळा प्लॉट पुन्हा मोजायला एक दिवस दिला. जुन्या नोंदी कार्यालयातच ठेवून गेलो.

क्रमांक ४१ चा शेजारी, म्हणजे ४०, मागच्या नोंदीत २४.५ होता आणि आता ३१.८ आहे, दिशा आणि अंतर तपासल्यावर बिल्लेच उलटे ठोकलेले आढळले. क्रमांक ५ च्या बुंध्याशी सालीची मोठी ढलपी पडलेली होती. उताराकडच्या कडेला हद्दीच्या आत आणखी एक झाड सापडले, ते १९ सेंटिमीटरचे आहे. त्याला ४७ क्रमांक दिला आणि दोन्ही झाडांपुढे 'मागील मोजणीत सुटलेले' असे लिहिले.

क्रमांक २३ वर सांगितल्याप्रमाणे तळवा फिरवला. माझ्या रेषेच्या वीतभर खाली, उताराच्या बाजूला, खोड हाताला टेकाडासारखे लागले. शेवाळ बाजूला केले तर आत जुन्या बिल्ल्याचा खिळा होता. झाडाने तो जवळजवळ गिळला होता, फक्त टोपीचा करडा ठिपका दिसत होता. त्या उंचीवर टेप लावली तेव्हा ३६.९ भरले. म्हणजे मागच्या चमूने खिळ्याच्याच जागी मोजले होते आणि झाड पाच वर्षांत नऊ मिलिमीटर वाढले आहे. मी दोन्ही आकडे आपापल्या उंचीसह लिहिले आहेत आणि नवा बिल्ला मोजणीच्या रेषेपासून पुरेसा लांब ठोकला आहे.

क्रमांक १७ ची वेल सोडवली, सुटी साल हाताने पुसली, माझ्या सहकाऱ्याने मागच्या बाजूने टेप आडवी धरली. ते पुन्हा ४०.६ च भरले, आणि नोंदवहीत तेच लिहिले आहे.