‘पिधानकारी’ की ‘ग्रहणकारी’?

ठरावीक काळाने मंदावून पुन्हा उजळणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांबद्दल वाचताना एकीकडे ‘ग्रहणकारी युग्मतारा’ आणि दुसरीकडे ‘पिधानकारी युग्मतारा’ असं सापडलं. दोन्ही एकच का? आणि पिधान म्हणजे नेमकं काय?

– एकच. पिधान म्हणजे झाकणं. मला हाच शब्द जास्त नेमका वाटतो. ग्रहण म्हटलं की सावली आठवते, आणि चंद्रग्रहणात ती असतेच. इथे सावलीचं काही काम नाही. एक तारा आपल्या दृष्टिरेषेत दुसऱ्याच्या पुढे येतो नि त्याचा प्रकाश अडवतो. (त्या अर्थी सूर्यग्रहणसुद्धा पिधानच!)

ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा बघा. एरवी तो शेजारच्या देवयानीतल्या अल्माकच्या तोडीचा, २.१ प्रतीचा दिसतो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद). दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ पर्यंत उतरतो, म्हणजे प्रकाश जेमतेम एक-तृतीयांश उरतो. तेव्हा ययातीतलाच २.९ प्रतीचा एप्सिलॉन हा तारा त्याच्यापेक्षा ठळक दिसतो. हे उतरणं-चढणं सुमारे १० तास चालतं. त्यामागे एखादा काळोखा गोल आड येत असावा, हे १७८३ साली सुचवलं जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने. जोडीदार खरंच आहे, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फोगेलने १८८९ मध्ये वर्णपटावरून दाखवलं.

मग याला ‘रूपविकारी’, म्हणजे तेज बदलणारा तारा, म्हणावं का? ताऱ्यात तर काहीच बदलत नाही.

– बरोबर पकडलंत. वर्गीकरणात हे तारे रूपविकारींतच मोडतात, पण विकार ताऱ्याचा नाही, आपण कुठून पाहतो त्याचा आहे. म्हणून ‘पिधानकारी’ हे विशेषण गाळू नये. दोघं आळीपाळीने एकमेकांना झाकतात, त्यामुळे प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात) एका फेरीत दोन खळगे पडतात. अल्गॉलचा मोठा जोडीदार थंड आणि मंद आहे. तो लहान, तप्त ताऱ्यापुढे आला की खळगा खोल. उलट झालं तर इतका उथळ की नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. एक तारा पुरता झाकला जात असेल तर खळग्याचा तळ सपाट होतो, अर्धवट झाकला तर टोकदार. अल्गॉलचा टोकदार आहे.

आणखी एक: ‘अल्गॉलची प्रत वाढली’ असं लिहू नका. आकडा वाढला म्हणजे तारा मंदावला, आणि वाचणारा नेमकं उलटं समजतो. सरळ ‘मंदावला’ लिहावं.