संकटात देवाची वाणी: तुमचे अनुभव लिहा

नगरकर: जय ख्रिस्त. रविवारी उपासनेत बायबलमधला १ राजे, अध्याय १९ वाचला आणि जुनं सगळं वर आलं. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देव आधी त्याला झोपू देतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, आणि तेही दोनदा! मग ४० दिवसांची वाट, होरेब डोंगर. वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर शांत, मंद वाणी. संकटात ऐकायला कसं बसायचं, कुठे चुकतं, लिहा.

रात्रपाळी: दवाखान्यात जागरण झालं असेल तर त्या रात्री बसूच नका. थकल्या डोक्यात भीतीच मोठ्यानं बोलते. वरणभात खाऊन झोपा, पहाटे बसा.

वसईची_सून: लेक्सिओ दिविना करा. वाचन, मनन, प्रार्थना, मग नुसतं निवांत बसणं. उतारा ६-८ ओळींचाच घ्या, दोनदा हळू वाचा. जो शब्द अडतो तिथेच थांबा. बहुतेक जण मनन गाळून थेट मागण्यांवर येतात, मग आपलाच आवाज ऐकू येतो.

पुणे_कॅम्प: डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हे कृपा करून नको. एकच वचन उचललं की हवा तो अर्थ निघतो. आख्खा अध्याय वाचा.

मोगरा: मोठ्या अक्षरांचं बायबल कुठे मिळेल? सासूबाईंना हवंय.

वसईची_सून: @मोगरा ताई, बायबल सोसायटीच्या दुकानात विचारा. फोनवर वाचणार असतील तर विमान मोड लावून द्या, नाहीतर मधेच व्हॉट्सअ‍ॅप.

जेजुइटांकडे_शिकलेला: जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचा नियम: मन उदास, कोरडं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. प्रार्थना मात्र थोडी वाढवायची. १५२२ पासून स्पेनमधल्या मान्रेसात त्यांनी स्वतःच्या मनाच्या अशा हालचाली टिपल्या, त्यातून हे आलं. राजीनामा, घर विकणं, सोडचिठ्ठी, सगळं थांबवा.

रात्रपाळी: "गोळ्या बंद कर", "जीव दे" असं सांगणारा आवाज देवाचा नव्हेच. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सोबत पाळकांना घ्या, पण डॉक्टर आधी.

नगरकर: अगदी. बायबलमधल्या लहान शमुवेलालाही देवाच्या पहिल्या ३ हाका एली याजकाच्या वाटल्या. काय उत्तर द्यायचं ते एलीनंच शिकवलं. आपणही जाणत्या माणसाला सांगावं, ज्याचा त्यात काही फायदा नाही अशाला.

शांता_मावशी: आणि काहीच ऐकू आलं नाही तर, बाळांनो? स्तोत्र १३ घ्या. ६च ओव्या, पहिल्या दोनमध्ये चारदा "कोठवर". मोठ्यानं म्हणा. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांच्या घरी आत्ता दुखणं आहे त्यांनी नाव नको, नुसतं "प्रार्थना" लिहा. रात्री ९ ला प्रार्थनेत घेते.

मोगरा: प्रार्थना.

पुणे_कॅम्प: प्रार्थना. मावशी, ९ ला मीपण.