उत्तर: जनरेटरचं पेट्रोल साठवताना

पेट्रोल पाण्याच्या कॅनमध्ये भरून कोठीच्या खोलीत ठेवलं तर चालेल का, असं वर विचारलंय. अजिबात नको! त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. देवघरातली समईसुद्धा भडक्याला पुरेल. घट्ट झाकणाचा धातूचा जेरीकॅन घ्या, काठोकाठ भरू नका, घरापासून सुट्या, हवेशीर शेडमध्ये सावलीत ठेवा. त्यातलं इथेनॉल पावसाळी ओल शोषतं, म्हणून मे महिन्यातलं पेट्रोल गणपतीपर्यंत ठेवण्यापेक्षा स्कूटरमध्ये ओतून संपवा, नवं आणा. जनरेटरही बाहेरच चालवा, धूर जीवघेणा असतो.

बाकी साठ्याचं आपल्याला कोण शिकवणार? सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), मीठ, मिरच्या हे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, दरवर्षी भरतोच. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, २०२१ मध्ये, वीज गेली आणि पाण्याचे पंप बंद पडले. त्यामुळे पिण्याच्या पाण्याची भांडी आधी भरा.