पेट्रोलच्या आधी घोड्यानेच हरवलं

'पेट्रोल स्वस्त झालं आणि ब्रिटनच्या विजेच्या गाड्या संपल्या' असं म्हटलं जातं. नंतरच्या काळासाठी ते ठीक आहे, पण लंडन इलेक्ट्रिकल कॅब कंपनीला ते लागू होत नाही. वॉल्टर बर्सी या तरुण इंजिनिअरच्या आराखड्यावर बनलेल्या या कंपनीच्या विजेच्या टॅक्सी ऑगस्ट १८९७ मध्ये लंडनमध्ये धावू लागल्या आणि १८९९ मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. लंडनमध्ये पेट्रोलची टॅक्सी आली १९०३ साली! म्हणजे स्पर्धा होती ती घोडागाडीशी, आणि तीच जिंकली.

कारणं अगदी साधी होती. गाडीचं वजन जवळपास दोन टन, त्यात शिशाच्या बॅटऱ्यांचाच मोठा वाटा. एवढा बोजा पेलताना रबरी टायर भराभर झिजायचे, आणि हादऱ्यांनी बॅटरीतल्या नाजूक पट्ट्यांची वाट लागायची. दुरुस्तीतच कमाई जायची. काळ्या-पिवळ्या रंगामुळे आणि मोटरच्या गुणगुण आवाजामुळे लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' असं लाडाचं नाव दिलं होतं, पण लाडाने खर्च भागतो थोडाच!

आणि हो, बॅटरी चार्ज करत बसण्याऐवजी थेट बदलणं ही कुणाला 'आजची क्रांती' वाटत असेल, तर त्यावर एक भर. एका चार्जिंगमध्ये ही टॅक्सी साधारण ३० मैल जायची. मग लॅम्बेथच्या डेपोत गाडीखालची बॅटरीची अख्खी पेटी हायड्रॉलिक यंत्राने उतरवून भरलेली पेटी चढवत. काम दोन-तीन मिनिटांचं. यातली एक टॅक्सी लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.